धागा नाही, वीण नाही

नाशिक जिल्ह्यात कापड म्हटले की दोन गावे आठवतात. येवल्यात हातमागावर पैठणी विणली जाते. तिच्या पदरावरचा मोर उमटवताना विणकराला धागे मोजून उचलावे लागतात. मालेगावात यंत्रमागांची खडखड चालू असते. एकीकडे संथ हात, दुसरीकडे यंत्राची घाई, पण कापडाचे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे: उभा ताणा, आडवा बाणा, आणि दोघांची वीण.

याच जिल्ह्यात पावलोपावली एक तिसरे कापडही दिसते. त्याला ताणा नाही, बाणा नाही, मुळात धागाच नाही. लग्नाच्या मंडपात पायाखाली अंथरलेला लाल किंवा हिरवा पातळ गालिचा घ्या. मोटारीच्या डिकीत चिकटवलेला करडा, केसाळ थर घ्या. स्प्रिंगच्या गादीत, स्प्रिंगांवर टाकलेला कडक फेल्ट घ्या. औद्योगिक वसाहतीत भट्टीची धूळ गाळणाऱ्या लांब पिशव्या किंवा शेततळ्यात प्लॅस्टिकखाली घातलेला पांढरा जाड थर घ्या. हे सगळे एकाच रीतीने बनते. सुट्या तंतूंचा थर पसरतात आणि त्यात हजारो सुया खुपसून काढतात. व्यवहारात त्याला ‘नीडल पंच’ म्हणतात. त्याची कापड म्हणून कुणी चौकशी करत नाही, आणि मला ते अन्यायाचे वाटते. तंतूला तंतू धरून कसा ठेवतो, हा वस्त्रविद्येतला सर्वांत जुना प्रश्न आहे, आणि या कापडात त्याचे उत्तर फार उघडेपणाने दिसते.

उत्तराची सुरुवात मेंढीपासून करावी लागते. नाशिक-अहिल्यानगरच्या माळरानावर चरणारी संगमनेरी मेंढी हा दख्खनी मेंढीचाच एक प्रकार. तिची लोकर राठ असते. या लोकरीची घोंगडी विणतात हे सर्वांना ठाऊक आहे. पण तिच्यापासून न विणताही जाड आसन करतात, त्याला जेन म्हणतात. लोकर पिंजायची, सारख्या जाडीने पसरायची, भिजवायची, गुंडाळायची आणि तास न् तास दाबत, लोळवत राहायचे. शेवटी हाती येते ते ओढूनही न फाटणारे आसन.

यात गाठ कोण मारतो? लोकरीचा केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्याच्यावर एकमेकांवर चढलेले खवले दिसतात. सगळ्या खवल्यांची तोंडे केसाच्या टोकाकडे. त्यामुळे केस एका दिशेने सहज सरकतो, उलट दिशेने अडतो. गवताचे कुसळ धोतरात शिरते ते पुढेच जाते, मागे येत नाही, केसाचेही तसेच. ओलावा, ऊब आणि दाब मिळाला की प्रत्येक केस आपल्या मुळाच्या दिशेने थोडाथोडा पुढे सरकतो, शेजारच्यांत गुंतत जातो, आणि परतीची वाट बंद होते. जेन करणारा कारागीर केसांना फक्त हलवत असतो. पकड केसाच्या अंगातच असते.

कापसाला हे खवले नाहीत. म्हणून पिंजाऱ्याने कापूस कितीही सुरेख पिंजला तरी गादीला जागोजागी टाके घालावे लागतात, नाहीतर तो एका कोपऱ्यात गोळा होतो. पॉलिएस्टर तर त्याहून गुळगुळीत. वितळलेले प्लॅस्टिक बारीक भोकांतून दाबून काढलेला तो तंतू. भिजवा, लोळवा, त्याला काही फरक पडत नाही. मग अशा तंतूंचे जेन कसे करायचे? यावर माणसाने काढलेली युक्ती मला अतिशय आवडते. तंतूच्या अंगावर काटा नसेल तर काटा सुईच्या अंगावर कोरायचा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घोड्याचे केस, ताग, काथ्या अशा सूत काततानाही त्रास देणाऱ्या राठ मालासाठी ही पद्धत रुजली. पुढे कृत्रिम तंतू आले आणि तिचे खरे दिवस सुरू झाले.

ही सुई शिवणाच्या सुईसारखी नाही. तिला नेढे नाही, कारण तिला धागा ओवायचाच नाही. लांबी साधारण ३ ते साडेतीन इंच. वरचे टोक काटकोनात वाकवलेले, म्हणजे ती यंत्राच्या फळीत घट्ट बसते आणि फिरत नाही. खाली उतरताना तिची जाडी टप्प्याटप्प्याने कमी होते आणि शेवटचा काम करणारा भाग बहुधा त्रिकोणी असतो. त्या त्रिकोणाच्या तीन धारांवर बारीक खाचा असतात, नेहमीच्या सुईत प्रत्येक धारेवर ३, म्हणजे एकूण ९. प्रत्येक खाचेचे तोंड खाली, सुईच्या टोकाकडे. सुई थरात शिरते तेव्हा वाटेत आडवा पडलेला तंतू खाचेत अडकतो आणि सुईबरोबर खाली ओढला जातो. सुई वर येते तेव्हा खाच उलटी सरकते, तंतू सुटतो आणि खालीच राहतो. जाताना धरायचे, येताना सोडायचे, एवढेच तिचे काम.

एका टोचण्याने होते काय, तर मूठभर आडव्या तंतूंचे छोटे वळसे उभे होऊन थराच्या आरपार जातात. या उभ्या झुपक्याभोवती बाकीचे आडवे तंतू आवळले जातात. टोचणी वाढत गेली की थर पातळ होतो, घट्ट होतो, आणि तंतूंमधले घर्षण इतके वाढते की तंतू निसटण्याऐवजी तुटणे पसंत करतो. डिंक नाही, टाका नाही, उष्णता नाही. सगळी ताकद घर्षणाची.

आता तंतू कारखान्यात कसा येतो ते पाहू. पॉलिएस्टरचा तुटक तंतू गच्च दाबलेल्या गाठींत येतो. पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचा बराच मोठा वाटा याच वाटेने परत येतो: बाटल्या धुऊन त्यांचे तुकडे करतात, वितळवून तंतू काढतात, ताणतात, बंद चेंबरमध्ये चेपून त्याला नागमोडी वळण देतात आणि ५० ते १०० मिलिमीटर लांबीचे तुकडे करतात. हे नागमोडी वळण फार महत्त्वाचे. सरळ तंतू एकमेकांवरून घसरतात. वळणाचा तंतू शेजाऱ्याला अडवून धरतो, म्हणून सुई येईपर्यंत थर टिकतो.

गाठ फोडली की आधी तिची शकले होतात, मग पुंजके, मग त्याहून लहान पुंजके. मोकळा झालेला माल हवेच्या नळीतून कार्डिंग यंत्राकडे जातो. हे पिंजाऱ्याच्या धनुकलीचे काम, पण रुळांवर. मोठ्या फिरत्या रुळावर करवतीसारखी दातेरी तार गुंडाळलेली असते, त्याच्या भोवती लहान दातेरी रूळ. दोघांच्या दात्यांत पुंजका ओढला जातो, फाटतो, आणि एकेक तंतू सुटा होऊन एका दिशेने लागतो. शेवटच्या रुळावरून निघते ती कोळ्याच्या जाळ्याएवढी तलम, यंत्राच्या पूर्ण रुंदीची साय.

नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात नेमक्या याच टप्प्यावर त्रास होतो. घासून घासून पॉलिएस्टरवर स्थिर विद्युतभार जमतो, तंतू एकमेकांना ढकलतात, साय रुळाला चिकटते किंवा कडेला उडते. म्हणून तंतूला आधीच एक बारीक तेलकट लेप दिलेला असतो आणि खोलीत ओलावा राखावा लागतो. पावसाळ्यात सुरळीत चालणारे यंत्र एप्रिलमध्ये अडते तेव्हा दोष बऱ्याचदा यंत्राचा नसतो, हवेचा असतो.

एक साय फारच हलकी. ती क्रॉस लॅपर नावाच्या यंत्रावर जाते. हे यंत्र सायीची घडीवर घडी घालत, तिला डावीकडून उजवीकडे आणि परत फिरवत, खाली सरकणाऱ्या पट्ट्यावर अंथरते. किती घड्या, त्यावर अंतिम वजन ठरते. या कापडाचा सगळा व्यवहार वजनावर चालतो: एका चौरस मीटरला किती ग्रॅम, म्हणजे जीएसएम. घड्या आडव्या पडल्यामुळे बरेचसे तंतू रुंदीच्या दिशेने लागलेले असतात. म्हणून अशा कापडाचा तुकडा लांबीच्या आणि रुंदीच्या दिशेने ओढून पाहिला तर ताण दोन्हीकडे सारखा लागत नाही.

इथे थोडा हिशेब करून पाहावा, कारण आकडे पाहिल्याशिवाय या कापडातला गुंता डोळ्यांपुढे येत नाही. ३०० जीएसएमचे कापड घेऊ आणि तंतू ६ डेनिअरचा धरू, म्हणजे ९००० मीटर तंतूचे वजन ६ ग्रॅम. तर एका चौरस मीटरमध्ये ४५० किलोमीटर तंतू आहे. नाशिकहून पुण्याला जाऊन परत येता येईल एवढा. तो ६० मिलिमीटरच्या तुकड्यांत असेल तर तुकडे झाले ७५ लाख. यातल्या एकाचेही टोक दुसऱ्याला बांधलेले नाही.

पट्ट्यावरचा हा थर फुगीर असतो. तो थेट मुख्य यंत्रात घातला तर चुरगळेल, म्हणून आधी हलकी टोचणी करतात. मग खरी सुयांची फळी येते. थर दोन जाळीदार पाट्यांच्या मधून सरकतो. दोन्ही पाट्यांना सुयांच्या जागी भोके. वरची फळी वर-खाली आपटते, सुया वरच्या पाटीतून थरात, थरातून खालच्या पाटीत शिरतात आणि परत येतात. वरची पाटी परतीच्या वेळी थराला सुयांवरून खाली ओरबाडून काढते, नाहीतर तोही सुयांबरोबर वर गेला असता.

फळीवर दर मीटर रुंदीला ४००० सुया आहेत असे धरू. म्हणजे एका सेंटिमीटरला ४०. फळी मिनिटाला ८०० वेळा आपटते आणि कापड मिनिटाला २ मीटर, म्हणजे २०० सेंटिमीटर, पुढे जाते. ४० गुणिले ८००, भागिले २००: दर चौरस सेंटिमीटरला १६० टोचे. चौरस मीटरला १६ लाख. कापडाचा वेग निम्मा केला तर टोचे दुप्पट होतात. कारागिराच्या हातात ही एक मोठी कळ आहे. दुसरी कळ खोलीची: सुई खालच्या पाटीच्या किती खाली जाते, त्यावर नऊपैकी किती खाचा थर पार करतील ते ठरते.

मग टोचे वाढवत नेले तर कापड मजबूत होतच जाईल का? नाही, आणि या कामातले खरे कौशल्य इथेच आहे. सुरुवातीला प्रत्येक टोच्याने पकड वाढते. एका मर्यादेनंतर मात्र हलायला मोकळे तंतूच उरत नाहीत. खाच आवळलेल्या तंतूला धरते, तो सरकत नाही, तुटतो. तिथून पुढे प्रत्येक टोचा कापड कमजोर करतो. बाहेरून ते अधिक घट्ट, अधिक सफाईदार दिसते, म्हणून ही चूक डोळ्यांना कळत नाही. ताण देऊन मोजल्यावरच उघड होते. अशा चाचण्या आणि अभ्यास करणाऱ्या संस्था आपल्याच राज्यात आहेत. इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेत नॉनवूव्हन, म्हणजे न विणलेल्या, कापडांचे केंद्र आहे, आणि मुंबईत बीट्रा ही संस्था जमिनीत वापरायच्या कापडांवर काम करते.

सुयाही झिजतात. खाचेची धार बोथट झाली की ती तंतू उचलत नाही, नुसते भोक पाडते. सगळ्या सुया एकदम बदलल्या तर आजच्या आणि उद्याच्या कापडात फरक पडेल, म्हणून एकेक हिस्सा पाळीपाळीने बदलतात. तुटलेल्या सुईचे टोक कापडात राहिले तर ते पुढे कुणाच्या हातापायात जाईल, यासाठी कापड गुंडाळण्याआधी धातूशोधक यंत्राखालून नेतात. मंडपाचा गालिचा असो की गादीचा थर, माणसाच्या अंगाशी येणाऱ्या मालात ही तपासणी कधीही टाळता कामा नये.

आतापर्यंत वर्णन केली ती सरळ वाट: पुंजके फोडा, तंतू सुटे करा, साय काढा. पण दुसरीही एक वाट आहे. पुंजका पूर्ण फोडायचाच नाही; तंतूंचा गुंतलेला झुपका तसाच ठेवायचा आणि झुपक्यांचाच थर टोचायचा.

हे दोन रीतींनी घडते. पहिली जुनी, गरजेतून आलेली. शिंप्याच्या कातरणी, मागावरची तुटलेली सुते, जुने कपडे यांना दातेरी रुळांखाली फाडले की त्यातून सगळे तंतू सुटे निघत नाहीत. काही सुटे, काही धाग्यांचे तुकडे, काही एकमेकांत अडकलेले बारीक झुपके, असा मिश्र माल निघतो. पानिपत या कामासाठी देशभर प्रसिद्ध आहे. या मालाचे सूत काढायचे तर तंतू आखूड पडतात. टोचून फेल्ट करायचा तर तो चालतो. मोटारीतला आवाज अडवणारा थर, गादीतला पॅड यांत रंगीबेरंगी ठिपके दिसतात ते याच कपड्यांचे.

दुसरी रीत मुद्दाम झुपके घडवण्याची. तंतूच्या दोन बाजूंचा स्वभाव वेगळा ठेवला, तर तो स्प्रिंगसारखा गोल वळतो. असे तंतू हवेच्या झोतात भांड्याच्या भिंतीवर लोळवत ठेवले की काही मिलिमीटर व्यासाच्या गोळ्या बनतात. उशीत भरतात त्या गोळ्या अशाच, पण उशीतल्या गोळीला सिलिकॉनचा गुळगुळीत लेप असतो, कारण थोपटल्यावर ती शेजारणीपासून सुटली पाहिजे. टोचायच्या कापडाला याच्या उलट हवे. तिथे झुपक्याच्या अंगावर मोकळे केस बाहेर आलेले हवेत, लेप नको. सुईने एका झुपक्याचा केस धरून दुसऱ्याच्या पोटात नेला पाहिजे. ५ मिलिमीटरच्या एका झुपक्यावर वरच्या हिशेबाने साधारण ३० टोचे पडतात. तेवढ्यांत त्याच्या चारी बाजूंच्या शेजाऱ्यांशी नाते जोडायचे असते.

झुपक्यांचा थर कार्डिंगवर लावता येत नाही, कारण तिथे ते फाटतील. त्यांना हवेत उधळून जाळीच्या पट्ट्यावर पडू देतात आणि पट्ट्याखालून हवा ओढून घेतात. असा थर अंथरल्यावर त्यात आडव्या दिशेचा पक्षपात राहत नाही. झुपक्यात तंतू सगळ्या दिशांनी आधीच वळलेले, काही उभे, काही तिरपे. म्हणून तयार फेल्ट दाबला तर जोमाने वर येतो, आणि त्यात हवेच्या पोकळ्या अधिक राहतात. आवाज शोषायला आणि ऊब राखायला हे गुण हवेच. पण उणीवही तिथेच आहे. झुपक्याच्या पोटात गुंता घट्ट आणि दोन झुपक्यांच्या सीमेवर विरळ; ताण आला की चीर सीमेवरून धावते. म्हणून असा माल ओढ सहन करायच्या जागी वापरू नये. वापरायचाच तर मध्ये विणलेली जाळी घालतात, किंवा सुमारे ११० अंशांना वितळणारे तंतू मिसळून नंतर गरम करतात, म्हणजे सीमेवरही सांधे बसतात. माझ्या मते जुन्या कपड्यांसाठी हीच वाट सर्वांत प्रामाणिक आहे: त्यांच्याकडून नव्या सुताची अपेक्षा न करता त्यांच्यातला जो गुंता उरला आहे तोच कामाला लावायचा.

या कापडाला जमिनीखाली इतके महत्त्व का आले, हे नाशिकची माती पाहिली की कळते. खाली काळा बेसाल्ट, वर बऱ्याच ठिकाणी काळी माती. ही माती पावसात फुगते, तिचा चिखल होतो. उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर रस्त्यासाठी खडी टाकली तर चिखल खडीत चढतो आणि खडी चिखलात उतरते. मध्ये टोचलेल्या कापडाचा थर असला की दोघे आपापल्या जागी राहतात, पाणी मात्र आरपार जाते. विणलेल्या कापडात पाणी भोकांतून फक्त खाली उतरते. टोचलेल्या कापडाला जाडी असल्यामुळे त्याच्या अंगातून आडवेही वाहू शकते. भिंतीमागचे, बोगद्याच्या छतामागचे पाणी वाट काढून नेण्यासाठी हा गुण वापरतात. काँक्रीटला लागून वापरायचे असेल तर पॉलिप्रोपिलीनचे कापड घ्यावे, कारण काँक्रीटचा तीव्र अल्कली गुण पॉलिएस्टरला हळूहळू खातो.

धुळीच्या पिशवीत हीच जाडी वेगळ्या कामाला येते. भट्टीची धूळमिश्रित हवा पिशवीतून जाते, धूळ पृष्ठभागावर साचते, आणि साचलेला तो थरच पुढची बारीक धूळ अडवतो. मग आतून दाबाच्या हवेचा झटका देऊन पिशवी झाडतात. धूळ सहज सुटावी म्हणून कापडाचा वरचा केसाळपणा ज्योतीवरून नेऊन जाळलेला असतो. साध्या पॉलिएस्टरची पिशवी १३० अंशांच्या आसपासपर्यंत निभावते. त्याहून गरम हवेसाठी वेगळा, महाग तंतू लागतो.

द्राक्षांच्या पट्ट्यात, निफाड, दिंडोरी, चांदवड, सिन्नरकडे, उन्हाळ्यात बाग जगवणारी शेततळी आहेत. खोदल्यावर तळाला मुरमाची, फुटलेल्या दगडाची टोके वर येतात आणि त्यांवर ५०० मायक्रॉनचे प्लॅस्टिक. तळे भरले की पाण्याचा भार प्लॅस्टिकला त्या टोकांवर दाबतो. ३ मीटर खोल पाण्याचे वजन दर चौरस मीटरला ३ टन होते. प्लॅस्टिकखाली टोचलेले कापड असेल तर दगडाचे टोक त्याच्या गुंत्यात रुतते आणि दाब आजूबाजूला वाटला जातो. ते घालायचे तर काही गोष्टी पाळाव्यात. आधी मोठे दगड वेचून, तळ दाबून घ्यावा. कापड म्हणजे दगड तसेच ठेवण्याची परवानगी नव्हे. विकत घेताना केवळ जाडी चिमटीत धरून पाहू नये, जीएसएम विचारावा आणि तुकडा दोन्ही दिशांनी ओढून पाहावा. पट्ट्या एकमेकींवर हातभर चढवाव्यात, उतारावर वरची पट्टी खालचीवर. काठावर टोके चर खोदून मातीत पुरावीत. आणि कापड अंथरल्यावर प्लॅस्टिक शक्य तितक्या लवकर घालावे, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी तंतू ठिसूळ होतात; महिनोन् महिने उघडे पडलेले कापड हातात धरले की कडेने त्याचा चुरा होऊ लागतो.